वकीलबाईंचा आवाज

१

निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली कारखान्यातल्या दोघी जणी वकीलबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचे कागद परत द्या."

दार थोरलीनं उघडलं होतं. वकीलबाई तिची धाकटी बहीण. आलेल्या दोघींपैकी एक भट्टीवाली मावशी होती. आयुष्यभर भट्टीसमोर उभी राहिलेली, छातीत काचेची धूळ घेऊन खोकणारी. दुसरी तिच्याच पाळीतली तरुण बाई. छातीच्या आजाराच्या भरपाईसाठी कारखान्यावर जो खटला चालू होता, तो धाकटी कित्येक वर्षं लढत होती. पंधरवड्यापूर्वी ह्याच दोघी तिचा बिल्ला छातीवर लावून गल्लोगल्ली हिंडत होत्या. आज त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायला तयार नव्हत्या. सोमवारी कँटीनमध्ये बैठक आहे, नवा वकील ठरणार आहे, एवढंच त्यांनी सांगितलं.

थोरली म्हणाली, "मावशी, आमची आई तुमच्याच शेजारी बसून बाटल्या निवडायची. त्याच खोकल्यानं गेली. तिची मुलगी तुमच्याबद्दल असं बोलेल?"

तरुण बाईनं फोन काढला आणि दारातच ते लावलं. सगळ्या मतदारसंघानं ऐकलेलं, थोरलीला पाठ झालेलं.

"कारखान्याच्या बायकांचं काय घेऊन बसलात? त्यांना एक दिवसाची सुट्टी द्या आणि स्टेजवरून 'माझ्या बहिणींनो' म्हणा. डोळे पुसत मत देतील. उद्या भट्टी विझली तरी विचारायला यायच्या नाहीत. कुणाला विचारायचं तेच त्यांना ठाऊक नसतं."

आवाज धाकटीचाच. कानाशी बोलल्यासारखा स्वच्छ. मागे बुटांची टकटक, कापड घासल्यासारखी बारीक खसखस, आणि शेवटाकडे एक बस थांबून तिचे दरवाजे फुस्सकन उघडल्याचा आवाज.

"हा आवाज कुणाचा?" तरुण बाईनं विचारलं, आणि दोघी जिना उतरून गेल्या.

धाकटी संसदेच्या निवडणुकीला उभी राहिली होती. समोर वर्षानुवर्षं तीच जागा अडवून बसलेले खासदार. छातीच्या रोगांचं इस्पितळ, बंद पडलेल्या बसगाड्या, बायकांच्या रात्रपाळ्या, एवढंच ती बोलत राहिली आणि लोक ऐकत राहिले. मतदानाच्या आठवड्यात तर खासदारांच्या लोकांचे चेहरे पडले होते. मग कुठल्याशा अनोळखी नंबरवरून हे रेकॉर्डिंग फोनाफोनी पसरलं, आणि कारखान्याच्या वस्तीनंच तिला पाडलं.

स्वयंपाकघरात धाकटी खटल्याचे गठ्ठे लावत बसली होती. परत द्यायचे म्हणून. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताई, जाऊ दे," धाकटी म्हणाली.

"जाऊ दे कुठे? तुझं तोंड बांधलं कुणीतरी, आणि तू दोऱ्या गुंडाळत बसलीस." थोरली विमा कंपनीत होती. जळक्या गोदामांत शिरून आग नेमकी कुठल्या कोपऱ्यात लागली ते शोधून काढायचं, हा तिचा रोजचा धंदा. "आग कुठून लागली ते मी सोमवारच्या आत सांगते. खोलीत कोण कोण होतं?"

धाकटीनं गठ्ठ्याची गाठ मारली. "बाहेरचं कुणीच नव्हतं, ताई," ती म्हणाली. "चौघं होते. चारही आपले."

२

प्रचाराचं कार्यालय एका बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानात होतं. भिंतीवर अजून लहान-मोठ्या अक्षरांचे तक्ते लटकत होते आणि आरशांवर पोस्टरांचे गोंद राहिले होते. प्रचाराचा मॅनेजर खुर्च्या एकात एक घालत होता. घसा बसलेला, दाढी वाढलेली.

त्यानं सांगितलं ते असं. टीव्हीवर खासदारांशी समोरासमोर वाद व्हायचा होता. त्याची तालीम वरच्या लांबोडक्या खोलीत झाली. नाटकवाल्या बाई बोलणं शिकवायला आल्या होत्या. त्यांनीच उलटापालट सुचवली: धाकटीनं खासदार व्हायचं आणि सरांनी, म्हणजे दोघी बहिणींच्या जुन्या शिक्षकांनी, वकीलबाई. समोरच्याच्या डोक्यात शिरलं की त्याची उत्तरं आधीच सापडतात, असं त्यांचं म्हणणं. नक्कल करायची नाही, आवाज आपलाच ठेवायचा, फक्त विचार त्याचा घालायचा. धाकटीनं घातला. तोच तुकडा कुणीतरी कापून सोडला.

थोरलीला हे ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावानं विश्वास ठेवला नव्हता, एवढंच. गवगवा झाल्यावर तिघांनी पत्रकारांसमोर सांगितलं की पुढच्याच वाक्यात ती 'त्या वकीलबाई'बद्दल बोलली होती, म्हणजे ती खासदाराच्या भूमिकेत होती हे उघड आहे. पण ते वाक्य मॅनेजरनं सांगितलं एक, धाकटीच्या नवऱ्यानं दुसरं आणि नाटकवाल्या बाईंनी तिसरं. वकीलबाईला म्हणे 'कमिटी' देऊ, 'मंत्रिपद' देऊ, 'खुर्ची' देऊ. पत्रकार हसले. धाकटीला स्वतःला शब्द आठवत नव्हते. ती सुचेल ते बोलत होती. आणि चौथे, म्हणजे सर, बोललेच नाहीत. माझ्या कानाच्या मशीनची बॅटरी त्या दिवशी संपली होती, जे ऐकलं नाही त्याची साक्ष मी कशी देऊ, असं ते म्हणाले. सरांचा शब्द गावात विरोधकसुद्धा खाली पडू देत नसत. सरही बोलले नाहीत म्हटल्यावर लोकांना जे समजायचं ते समजलं.

"रेकॉर्ड कुणी केलं?" थोरलीनं विचारलं.

"तेच तर डोकं खातंय माझं. तालमीच्या आधी मी फोन काढून घेतो सगळ्यांचे. टोपलीत घालून बाहेरच्या टेबलावर. खोलीत फोन नव्हताच."

"तुझं पुढे काय?"

तो कसनुसा झाला. खासदारांच्या माणसांचं बोलावणं आलंय, म्हणाला. अजून हो म्हटलेलं नाही. मग तिची नजर सहन न होऊन त्यानं वरची खुर्ची खाली आपटली. "माझ्याकडे असं बघू नका. तालमीतून मधेच उठून बाहेर गेलेला माणूस मी नाही. टोपलीपाशी बराच वेळ उभा होता तो."

"कोण?"

"तुमच्या घरातला," मॅनेजर म्हणाला.

३

धाकटीचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. मधल्या सुट्टीत तो वर्गात एकटाच फळा पुसत होता. थोरलीला पाहून त्याचा हात थांबला.

तिनं आडपडदा ठेवला नाही. तू बाहेर का गेला होतास, एवढंच विचारलं. त्यानं डस्टर ठेवलं, हात झटकले. ती जिंकली असती तर राजधानीत गेली असती, हे तो शांतपणे बोलला. घर, शाळा, त्याची अंथरुणाला खिळलेली आई, सगळं इथं. त्यानं तिला कधी अडवलं नाही. पण त्या तालमीत ती इतकी चांगली बोलत होती की आता ही जाणार, हे त्याला पहिल्यांदा खरं वाटलं. बसवेना म्हणून तो उठला आणि बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला.

"म्हणजे ते वाक्य बोलली तेव्हा तू खोलीत नव्हतास."

"नव्हतो."

"मग पत्रकारांना 'मंत्रिपद' कुठून सांगितलंस?"

"मनानंच. तिच्या बाजूनं एक माणूस वाढेल म्हणून."

थोरलीच्या डोळ्यांसमोर ती पत्रकार परिषद आली. तीन माणसं, तीन शब्द, आणि त्यातला एक शब्द ह्या शहाण्यानं घरून शिवून आणलेला. तिनं त्याला जे सुनावलं ते शेजारच्या वर्गातही गेलं असेल. तो मान खाली घालून ऐकत राहिला. ती दाराशी पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, "ताई, अजून एक आहे. तिला माहीत नाही."

ती वळली.

"मी तिला मत दिलं नाही. मतदान केंद्रापर्यंत गेलो आणि परत आलो."

थोरलीच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या, पण मगाशीच खर्च झाल्या होत्या. एवढं खरं तिच्यासमोर ठेवणारा माणूस फोनचं तेवढं लपवेल, हे तिला पटेना. शिवाय तो बाहेर होता, आणि रेकॉर्डिंग आतलं होतं.

"हे तिला तू सांगायचंस," ती म्हणाली. "आणि माझ्याकडून कळायच्या आत सांगायचंस."

४

सर दोन खोल्यांच्या घरात एकटे राहात. दोघी बहिणींना त्यांनीच शिकवलं होतं. त्याच मतदारसंघातून ते स्वतः तीनदा उभे राहिले होते आणि तीनदा पडले होते. प्रत्येक वेळी कारखाना सरकारनं ताब्यात घ्यावा ह्या एकाच मागणीवर. लोक त्यांना मत देत नसत, पण त्यांच्यासमोर आवाज खाली करून बोलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी थोरलीला खुर्ची दिली आणि नेहमीप्रमाणे कानाच्या मशीनचं, आवाज टिपणारं शर्टाच्या बटणाएवढं काळं यंत्र पुढे केलं. ती न सांगताच कॉलरला लावून बसली. सरांशी बोलायला येणारा प्रत्येक जण ते लावायचा. मग त्यांना नीट ऐकू यायचं.

"तिला किती लागलंय ते मला कळतं," सर म्हणाले. "मी साक्ष दिली नाही म्हणून ती रागावली असेल."

"ती रागवत नाही सर. ते काम माझ्याकडे आहे."

ते किंचित हसले. खोटं बोलून तिला वाचवलं असतं तर ते तिला तरी आवडलं असतं का, असं त्यांनी विचारलं. बॅटरी संपलेली होती, ओठांकडे बघून जेवढं समजलं तेवढं समजलं. कुणावर संशय आहे का, ह्यावर त्यांनी मान हलवली. आपल्या माणसांवर संशय घेण्याची सवय त्यांना नव्हती. हार ही काही शरमेची गोष्ट नाही, ते म्हणाले. हरलेल्या माणसाला कुणी विकत घेत नाही. "ते तिला मोठं पद देऊन गप्प बसवू शकले नसते, आणि खिडकीजवळची खुर्ची देऊनही नाही. मी तिला ओळखतो. ती आता आपल्यातच राहील."

थोरलीला ह्या शांतपणाचा लहानपणापासून राग यायचा. वर्गात कुणी मारलं तरी सर मारणाऱ्याची बाजू समजावून सांगत बसायचे. ती चहा अर्धा टाकून उठली. जिन्यापर्यंत पोचली तोच सरांनी मागून हाक मारली. ती वळली.

"ते बटण," ते म्हणाले. "राहिलं तुझ्या कॉलरला."

तिनं काढून त्यांच्या हातात दिलं.

५

नाटकवाल्या बाई एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम घेत होत्या. थोरलीला बघताच त्यांनी नटांना बाहेर पिटाळलं. निवडणुकीत हरलेल्या बाजूशी नाव जोडलं गेल्यानं त्यांची दोन कामं गेली होती, आणि त्यांनी ते लपवलं नाही. आधी त्यांनी आपला राग काढला. मग थोरलीनं आपला काढला. दोघी जरा मोकळ्या झाल्यावर बाईंनी ती खोली शब्दांत उभी केली.

एका टोकाला चौघांच्या खुर्च्या. दुसऱ्या टोकाला खिडकी, खाली बसचा थांबा. बाईंनी धाकटीला बजावलं होतं, एका जागी उभं राहायचं नाही. खासदार बोलताना फिरतात, तूही फीर. ती चौघांसमोरून बोलायला लागली आणि चालत चालत खिडकीपाशी गेली.

"आमच्याकडे पाठ केली हो तिनं. शेवटचं तर मला धड ऐकूसुद्धा येईना. आवाज मागे फेक, म्हणून मी ओरडले."

"त्या पुढच्या वाक्यात काय देणार होते वकीलबाईला? तुम्ही 'खुर्ची' म्हणालात."

बाईंनी डोळे मिटले. हात हवेत उचलला, काहीतरी थोपटल्यासारखा हलवला, आणि डोळे उघडले. "तिनं खिडकीशी असलेल्या मोडक्या खुर्चीवर थाप मारली. आणि म्हणाली, 'त्या वकीलबाईला खिडकीजवळची खुर्ची द्या, बसेल गप्प.' हेच शब्द. हात हलवला तेव्हा आठवलं बघा. तेव्हा नुसतं 'खुर्ची'च आठवत होतं."

थोरलीला वाटलं, हे आपण नुकतंच कुठेतरी ऐकलंय. कुठे ते ध्यानात येईना. डोक्यात राग असला की तिथं दुसरं काही टिकत नाही, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तिनं बाईंचे आभार मानले आणि विचारलं, "ह्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला काही खटकतं?"

बाईंनी ते दोनदा ऐकलं. "आवाज फार छान आलाय," त्या नाराजीनं म्हणाल्या. "त्या दिवशी मला एवढा छान नव्हता आला."

६

थोरली तडक कार्यालयात गेली आणि मॅनेजरला घेऊन वरच्या खोलीत चढली.

चौघांच्या खुर्च्या होत्या तिथं तिनं आपला फोन ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तेच वाक्य मोठ्यानं बोलत खिडकीकडे चालत गेली. मग परत येऊन ऐकलं. तिचा आवाज खिडकीपर्यंत पोचेतो विरून गेला होता, आणि खालची बस पार लांब, दुसऱ्या गल्लीत असल्यासारखी.

मग तिनं फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आता सुरुवात दूरची आणि शेवट जवळचा आला.

आणि गावभर फिरलेल्या तुकड्यात? तिनं तो पुन्हा लावला. टकटक पुढे सरकत होती, बस जवळ जवळ येत होती, म्हणजे ऐकणारं यंत्र खिडकीकडे चाललं होतं. पण धाकटीचा आवाज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तसाच, ना कमी ना जास्त. यंत्र चालत होतं, आणि तिच्याबरोबरच चालत होतं. ती कापडाची खसखस म्हणजे तिचेच कपडे होते.

मॅनेजरचा चेहरा उतरला. "म्हणजे तिनं स्वतःच..."

"गप्प," थोरली म्हणाली. पण तिलाही तेच सुचलं होतं. आगीचे कितीतरी दावे तिनं असे पाहिले होते, की माग काढत गेलं तर काडी मालकाच्याच हातात निघावी. तिनं धाकटीला फोन लावला आणि त्या दिवशी अंगावर काय काय होतं ते विचारलं. निळा शर्ट. घड्याळ. खिशात काही नाही.

"आठव नीट. आणखी काही?"

"आणखी काय असणार? सरांचं ते बटण. त्यांनी स्वतःच लावलं होतं कॉलरला, नेहमीसारखं."

थोरलीनं फोन खाली घेतला आणि मॅनेजरकडे पाहिलं. "टोपलीत सगळ्यांचे फोन होते म्हणालास. सरांचाही?"

"सरांचा कसा घेणार? त्या बटणातलं त्यांच्या फोनमध्ये जातं आणि तिथून कानात. सरांचा फोन म्हणजे सरांचा कान. तो कोण काढून घेतं?" बोलता बोलता तो थांबला.

बॅटरी संपली होती म्हणून सरांना ऐकू आलं नव्हतं. धाकटी पाठमोरी होती, म्हणजे ओठही दिसत नव्हते. शेजारी बसलेल्या बाईंच्या धडधाकट कानांनाही जे जेमतेम ऐकू आलं, ते 'खिडकीजवळची खुर्ची' आज सकाळी सरांच्या तोंडून सहज, घरच्यासारखं निघालं होतं. मॅनेजरच्या तोंडी ते नव्हतं. वर्तमानपत्रात नव्हतं. खुद्द बोलणारीला आठवत नव्हतं. ते फक्त एकाच ठिकाणी शाबूत होतं, न कापलेल्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये.

७

ह्या वेळी तिनं बटण लावलं नाही. ती सरांच्या अगदी समोर उभी राहिली आणि त्यांना ओठ दिसतील असं एकेक शब्द तोडत सगळं सांगितलं. आवाज कुठून कुठे गेला, बस कशी जवळ आली, आणि सकाळी ते काय बोलून गेले.

सर नाकबूल झाले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. ऐकलेलं पुन्हा ऐकता यावं म्हणून ते सगळंच साठवून ठेवत. वयामुळे एकदा ऐकून भागत नसे.

"तिनं ती मागणी काढून टाकली," ते म्हणाले. "कारखाना सरकारनं घ्यावा ही. जाहीरनाम्यातून. मॅनेजर म्हणाला मधली मतं जातील, आणि तिनं काढली. मला विचारलंसुद्धा नाही. मी तीनदा उभा राहिलो त्या एका वाक्यावर."

"आणि तीनदा पडलात."

"पडलो. पण ते वाक्य घेऊन पडलो. ती ते टाकून जिंकणार होती. आज एक वाक्य टाकलं, तिथं गेल्यावर दुसरं टाकलं असतं. मला वाटलं थोडक्यात पडेल, परत आपल्यात येईल. एवढं होईल असं नव्हतं वाटलं."

थोरली टेबलावरून पुढे वाकली. "तिनं एक वाक्य काढलं तर तो द्रोह. तुम्ही तिचं एक वाक्य कापलंत, ते काय? तिला वाचवायला नाही केलंत तुम्ही हे. चौथ्यांदा कुणीतरी पडावं म्हणून केलंत. ती जिंकली असती तर तुमचं तीनदा पडणं नुसतं पडणं ठरलं असतं."

सरांनी फोन तिच्याकडे सरकवला. "घेऊन जा. पण आधी ऐक. मी तिथंच का कापलं ते कळेल."

तिनं ऐकलं. तेच वाक्य आलं, 'कुणाला विचारायचं तेच त्यांना ठाऊक नसतं.' आणि त्याच्यामागून हसू. खो खो, पोट धरून. मॅनेजर हसत होता, नाटकवाल्या बाई हसत होत्या, सर हसत होते. बटण कॉलरला असल्यानं सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात मोठं हसू धाकटीचं होतं. ते ओसरतं न ओसरतं तोच खालच्या पट्टीत पुढचं वाक्य, 'त्या वकीलबाईला खिडकीजवळची खुर्ची द्या, बसेल गप्प.'

सगळ्यांच्या जबान्या तिनं मनात चाळल्या. आपण हसलो, हे एकानंही सांगितलं नव्हतं. न हसलेला एकटाच होता, आणि तो तेव्हा बाहेर भिंतीला टेकून उभा होता.

"ते हसू मी तिच्यासाठी कापलं," सर म्हणाले.

"तुम्ही तिच्या सुटकेचा पुरावा कापलात सर. हसू त्याच्या वाटेत आलं, एवढंच." तिनं फोन उचलला. "आणि त्यात तुम्हीही हसताय."

८

धाकटीनं ते स्वयंपाकघरात बसून ऐकलं. सरांचं नाव सांगितलं तेव्हा तिनं फक्त टेबलाची कड धरली. हसू आलं तेव्हा मात्र ती ताडकन उठली आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारत राहिली.

थोरलीनं तोडगा काढून ठेवला होता. हसू तेवढं काढायचं, दोन्ही वाक्यं जोडायची. कुणाला कळणार नाही, आणि खोटं असं त्यात काहीच नाही.

"आधीच एकदा कापलंय ताई त्याला," धाकटी म्हणाली. "तुझ्या हातानं नको."

सोमवारी कारखान्याच्या कँटीनमध्ये लांब बाकांवर बायका खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. नवा वकील पुढच्या रांगेत, गुळगुळीत दाढी केलेला, सारखं घड्याळ बघणारा. धाकटी उभी राहिली, सरांचा फोन कँटीनच्या स्पीकरला जोडला आणि सगळं ऐकवलं. आधीचं, मधलं, नंतरचं. हसू त्या पत्र्याच्या छपराखाली केवढं तरी मोठं वाटलं. मग तिनं हे कुणी कापलं आणि का, ते सांगितलं. सरांचं नाव ऐकताच मागच्या बाकांवर कुजबुज झाली आणि विझली. बोलताना तिनं त्यांच्याबद्दल वाईट शब्द वापरला नाही. थोरलीनं भिंतीशी उभं राहून दात ओठ खाल्ले.

भट्टीवाली मावशी उठली. खोकला थांबेपर्यंत सगळ्या थांबल्या.

"म्हणजे ते तुम्ही खासदार होऊन बोललात."

"हो, मावशी."

"ते समजलं. आणि हसलात कोण होऊन?"

थोरली पुढे झाली, पण धाकटीनं हात वर करून तिला थांबवलं.

"मीच," ती म्हणाली. "वाक्य जमलं म्हणून हसले."

नवा वकील खाकरला आणि म्हणाला की त्याला वाटतं, आता निर्णय सोपा आहे. मावशीनं त्याच्याकडे वळून विचारलं, काचेच्या धुळीनं छातीत नेमकं काय होतं ते सांगा. तो म्हणाला, फाइल वाचून सांगतो. मावशीनं धाकटीकडे बोट केलं. धाकटीनं सांगितलं, फुफ्फुसाच्या कुठल्या भागात, कुणाच्या, किती वर्षांच्या कामानंतर. बाकावरच्या बायकांची नावं घेत सांगितलं. ती थांबली तेव्हा नवा वकील आपली बॅग उचलून निघाला होता.

"खटला तुम्हीच चालवा," मावशी म्हणाली. "दुसरा तयार होईपर्यंत आमच्यातल्या अर्ध्या उरायच्या नाहीत, म्हणून. बाकी काही समजू नका."

धाकटीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ते पुसायची तिला त्या क्षणी हिंमत झाली नाही.

थोरलीला राहवेना. ती म्हणाली की आता तरी सगळ्यांनी सरांच्या दारात जाऊन जाब विचारायला हवा. तिला वाटलं होतं, बाकं सरकतील, आरडाओरडा होईल. इतके दिवस एकटीनं वागवलेला राग आता वाटून घेतला जाईल.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता. थोरलीच्या रागापेक्षा जुना आणि पुष्कळ शांत.

"जाब त्यांनाच विचारायचा का फक्त?" ती म्हणाली. "हसलात तुम्ही. कापलं त्यांनी. आणि आता पाच वर्षं त्या खासदाराला भोगायचं आम्ही."

पाळीचा भोंगा झाला. बायका उठल्या, बाकं सरकवली आणि एकेक करून भट्टीकडे चालू लागल्या. दोघी बहिणींशी कुणी बोललं नाही.